‘नाही’ शेवटी येतो: सीसॅटचा उतारा डोळ्यांत तेल घालून कसा वाचायचा

उत्तरतालिका आली त्या रात्री अभ्यासिकेत आम्ही चौघी एका बाकावर बसून गुण मोजत होतो. माझा एक प्रश्न असा गेला होता की परत वाचताना मला आधी हसू आलं आणि मग रडू. प्रश्न होता, ‘खालीलपैकी कोणते विधान उताऱ्याशी सुसंगत नाही?’ आणि मी उताऱ्याशी अगदी तंतोतंत सुसंगत असलेलं विधान शोधून, दोनदा खात्री करून, गोल नीट रंगवून आले होते. उतारा कळला होता, विधानही कळलं होतं. प्रश्नाचा शेवटचा शब्द तेवढा वाचला नव्हता.

येत नाही म्हणून प्रश्न गेला की माणूस अभ्यासाला बसतो. येत असून गेला की ‘सिली मिस्टेक झाली यार’ म्हणतो, सोडून देतो आणि पुढच्या पेपरात तीच चूक पुन्हा करतो. इथे जे सांगतेय ते या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांसाठी. उदाहरण राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरचं, म्हणजे उतारे आणि गणित-बुद्धिमत्तेच्या सीसॅटचं घेतलंय, कारण त्याच्याशी मी झटापट केलीय. बँकेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या परीक्षेलाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी हिशेब

८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा वजा, म्हणजे ०.६२५. हा पेपर आता फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. ‘पात्रतेचाच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी एक आकडेमोड करून बघावी. २७ उत्तरं बरोबर आली तर ६७.५ गुण होतात. सोबत दोन चुकली तर ६६.२५, म्हणजे पास. तिसरं चुकलं की ६५.६२५, आणि सकाळचा सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर कितीही झकास गेला असला तरी घरी. मधे फक्त एक ‘नाही’ न वाचलेला प्रश्न आहे.

पेपरातले निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. गणित-बुद्धिमत्तेला घाबरणाऱ्यांचा सगळा भरवसा त्यांच्यावरच असतो, आणि बहुतेकांनी उतारे वाचायचा सराव म्हणून काही केलेलं नसतं. वाचता तर येतंच ना!

पहिली पायरी: तुमची चूक कुठल्या जातीची

राज्यसेवा घेणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. एक घ्या, घड्याळ लावा आणि पाच उतारे सोडवा. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. कारणं साधारण पाचच निघतात: प्रश्न चुकीचा वाचला, उताऱ्यातला एखादा शब्द निसटला, उताऱ्यात नसलेलं स्वतःच्या डोक्यातलं आणलं, दोन पर्यायांत अडकून घाईनं एक टाकला, किंवा खरोखर कळलं नाही.

‘सिली मिस्टेक’ हे कारण लिहायचं नाही, ते कारण नव्हे. कुठला शब्द निसटला तो शब्दच लिहा. माझ्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांत ‘फक्त’ सात वेळा आला होता. सात! त्यानंतर ‘फक्त’ दिसला की पेन आपोआप थांबायला लागलं. कुणाचा ‘फक्त’ निसटतो, कुणाचा ‘वगळता’, कुणी दोन सनांमध्ये घोळ घालतं. दुसऱ्याची यादी तुमच्या उपयोगाची नाही.

दुसरी पायरी: आधी प्रश्न, पण पर्याय नकोत

उतारा आधी की प्रश्न आधी, हा अभ्यासिकेतल्या चहाच्या टपरीवरचा कायमचा वाद आहे. माझं मत सांगते. प्रश्नाचं मुख्य वाक्य आधी वाचा, पर्यायांकडे बघू नका. चार पर्यायांतलं निदान एक, बहुधा दोन-तीन विधानं खोटी असतात. ती आधी डोक्यात गेली की उतारा वाचताना ‘हे कुठंतरी वाचलंय’ असं वाटायला लागतं, आणि ते वाचलेलं असतं पर्यायात.

पाच प्रश्नांची मुख्य वाक्यं वाचायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘वगळता’, ‘असत्य’ यांतलं जे दिसेल त्याला गोल करा. आकडेमोड दिलेल्या जागीच करायची असते आणि उत्तरपत्रिकेवर एकही जादा खूण चालत नाही, पण प्रश्नपुस्तिकेतल्या शब्दाभोवती एक गोल काढायला कुणाची ना नसते. संगणकावरच्या परीक्षेत ही सोय नाही. तिथे कच्च्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहून त्यापुढे फुली मारायची. फुली म्हणजे प्रश्न उलटा विचारलाय.

तिसरी पायरी: बारक्या शब्दांचा पहारा

खरा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेपटीला बसतो. हे वाक्य बघा: ‘औद्योगिकीकरणामुळे ग्रामीण कारागिरांचे उत्पन्न वाढले आणि त्यांचे जीवनमान उंचावले, असे सरसकट म्हणता येणार नाही.’ घाईत वाचणाऱ्याला ‘उंचावले’पर्यंत अर्थ लागून गेलेला असतो. मेंदू पुढच्या ओळीवर पोचतो, डोळे नुसते उरलेल्या शब्दांवरून घसरत जातात. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा आधीच भेटतो, आपल्याकडे तो दारात चपला घालताना भेटतो. म्हणून एकच सवय लावा: लांब वाक्याचे शेवटचे तीन शब्द मुद्दाम हळू वाचायचे, बाकीचं वाक्य पळवलंत तरी चालेल.

त्याच वाक्यात ‘सरसकट’ आहे. लेखक उत्पन्न वाढलं नाही असं म्हणत नाहीये, सगळ्यांचं वाढलं असं नाही एवढंच म्हणतोय. ‘औद्योगिकीकरणामुळे कारागिरांचे नुकसान झाले’ हा पर्याय मोठा मोहक दिसेल, आणि तो चूक असेल.

मग ‘च’ आणि ‘ही’. एका अक्षराचे, शब्दाला चिकटून बसणारे, डोळ्याला दिसतच नाहीत. ‘पाणीटंचाईमुळे स्थलांतर होते’, ‘पाणीटंचाईमुळेच स्थलांतर होते’ आणि ‘पाणीटंचाईमुळेही स्थलांतर होते’ ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात कारण सांगितलंय, दुसऱ्यात बाकीची कारणं नाकारलीत, तिसऱ्यात बाकीची कारणं मान्य करून हे एक जोडलंय. उताऱ्यात ‘मुळेही’ आणि पर्यायात ‘मुळेच’ ही प्रश्न काढणाऱ्यांची आवडती चाल आहे. बाकी अख्खं वाक्य उताऱ्यातलं जसंच्या तसं असतं, त्यामुळे तो पर्याय ओळखीचा वाटतो. पर्याय शब्दशः उताऱ्यासारखा दिसला की खूश होऊ नका, उलट सावध व्हा.

‘असावा’नं मला बराच काळ छळलं. ‘शिक्षक संयमी असावा’ म्हणजे तसा असायला हवा, ही अपेक्षा. ‘तो कोपऱ्यात बसलेला माणूस शिक्षक असावा’ म्हणजे बहुधा आहे, हा अंदाज. शब्द तोच, आणि दोन्हींपैकी कशातही ‘आहे’ असं म्हटलेलं नाही. पर्यायात मात्र ‘आहे’ येतो.

जोडशब्दांतही असेच दोन-तीन दुतोंडी आहेत. ‘मात्र’ म्हणजे ‘पण’, आणि ‘रुपये दहा मात्र’ म्हणताना ‘फक्त’. ‘अर्थात’ कधी ‘म्हणजेच’ असतो, कधी ‘हे उघड आहे’. ‘किंबहुना’ बऱ्याच जणांना ‘परंतु’चा भाऊ वाटतो. तो मागचं विधान खोडत नाही, आणखी जोरानं मांडतो. आणि ‘असे मानले जाते’, ‘असा समज आहे’ ही वाक्यं दिसली की समजायचं, लेखक दुसऱ्याचं मत सांगतोय. पुढे ‘परंतु’ किंवा ‘वस्तुतः’ येण्याची वाट बघायची. ‘लेखकाच्या मते’ असं विचारलं तर उत्तर त्या पुढच्या भागात असतं.

काही, अनेक, बहुतेक, सर्व यांची चढती भाजणी तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. अनेक म्हणजे बहुतेक नव्हे, एवढं पुरे.

खुणा तीनच ठेवा. नकाराला गोल, ‘फक्त-च-सर्व’ घराण्याला अधोरेखा, वळणाला म्हणजे ‘मात्र’, ‘तरीही’, ‘याउलट’ यांना बाण. मी सुरुवातीला चार रंगांच्या पेनांनी उतारे रंगवायचे. दिसायला सुंदर, आणि रंग ठरवण्यात लक्ष जायचं. सगळंच अधोरेखित केलं की काहीच अधोरेखित नसतं.

एक उतारा जवळून

हा मी सरावासाठी लिहिलाय, परीक्षेच्या भाषेत.

‘पाऊस कमी म्हणजे दुष्काळ, हे समीकरण बहुतेकदा मांडले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. कोकणातील अनेक गावांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकर बोलवावा लागतो. तेथील जांभा खडक पाणी झिरपू देतो पण धरून ठेवत नाही, आणि तीव्र उतारामुळे पाणी वेगाने समुद्राकडे निघून जाते. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील पर्जन्यछायेतल्या हिवरे बाजारने पाणी अडवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली. केवळ बंधारे बांधून हे साधले नसते; उपसा मर्यादित ठेवण्याचा निर्णय गावाने घेतला, म्हणून ते टिकले.’

प्रश्न पहिला: उताऱ्यानुसार पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर नाहीत? (अ) कमी पाऊस आणि दुष्काळ यांचा संबंध नाही. (ब) हिवरे बाजारला बंधाऱ्यांचा उपयोग झाला नाही. (क) कोकणातील सर्व गावांत उन्हाळ्यात टँकर लागतो. (ड) भरपूर पाऊस पडणाऱ्या भागातही पाणीटंचाई होऊ शकते. पर्याय: १) फक्त ड २) फक्त अ आणि क ३) अ, ब आणि क ४) वरील सर्व.

‘अ’ पडतो तो ‘सर्वस्वी चुकीचे नाही’मुळे, कारण लेखकानं संबंध मान्य केलाय आणि तो अपुरा म्हटलाय. ‘ब’ पडतो ‘केवळ’मुळे. ‘केवळ बंधाऱ्यांनी नाही’ म्हणजे बंधारे निरुपयोगी, असा उलटा अर्थ घाईत फार जणांच्या डोक्यात तयार होतो. ‘क’मध्ये ‘अनेक’चं ‘सर्व’ झालंय. ‘ड’ बरोबर आहे. म्हणून उत्तर ३. पण पर्याय क्रमांक १ कुणासाठी ठेवलाय बघा! ज्यानं चारही विधानं अचूक तपासली आणि प्रश्नातला ‘नाहीत’ तेवढा विसरला, त्याच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी.

प्रश्न दुसरा: उताऱ्यातून कोणता निष्कर्ष काढता येतो? १) प्रत्येक दुष्काळी गावाने हिवरे बाजारचे अनुकरण करावे. २) हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली. ३) पाणी अडवण्याचा लाभ टिकायचा तर वापरावर मर्यादा लागते. ४) कोकणात पाणी अडवणे अशक्य आहे.

इथे हुशार मुलं फसतात. हिवरे बाजारनं शेतीसाठी कूपनलिकांवर खरोखर बंदी घातली, चालू घडामोडी वाचणाऱ्याला ते पाठ असतं. पण उताऱ्यात कूपनलिका हा शब्दच नाही. ‘खरं आहे का’ हे पहिल्या पेपरात विचारतात, दुसऱ्यात ‘इथे लिहिलंय का’ एवढंच. पहिला पर्याय भाषणात शोभेल, लेखकानं तसा सल्ला दिलेला नाही. चौथ्यात अडचणीचं अशक्य करून टाकलंय. उत्तर ३.

चौथी पायरी: बोट ठेवून दाखव

उत्तर निवडलं की स्वतःला म्हणायचं: कुठे लिहिलंय, बोट ठेव. ओळ सापडली तर गोल रंगवा. निष्कर्षाच्या प्रश्नात थेट ओळ नसते, पण ज्या एक-दोन ओळींवर तो उभा आहे त्या दाखवता आल्या पाहिजेत. ‘एकूण उताऱ्याचा सूर तसाच आहे ना’ असं मनात आलं की समजा, तुम्ही घरून काहीतरी आणलंय.

दोन पर्यायांत अडकलात तर उतारा पुन्हा वाचू नका. ते दोन पर्याय एकाखाली एक ठेवून त्यांच्यात नेमका फरक कुठल्या शब्दाचा आहे तो शोधा. तेवढ्या एका शब्दासाठी उताऱ्यात जा. दीड मिनिटात उलगडलं नाही तर पुढे सरका.

मराठी भाषांतर कधी कधी इतकं अवघड असतं की वाक्य तीनदा वाचूनही हाती काही लागत नाही. अशा वेळी शेजारच्या इंग्रजी मजकुरात तेवढंच वाक्य बघा. दोन्ही भाषांतून पूर्ण उतारा वाचायचा हट्ट मात्र नको, वेळ दुप्पट जातो. भाषा आकलनाचे खास मराठी आणि खास इंग्रजी उतारे भाषांतराशिवाय येतात, तिथे ही पळवाट नाही. म्हणून रोज निदान एक इंग्रजी उतारा सरावात ठेवा.

मन उठून गेलं तर

जातंच. डोळे ओळींवरून चालत असतात आणि मन दुपारच्या डब्यात किंवा सकाळच्या पेपरातल्या त्या एका प्रश्नात. लक्षात आलं की पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. शेवटचं आठवणारं वाक्य शोधा आणि तिथून पुढे चला, नाहीतर सुरुवात चार वेळा वाचून होते आणि शेवट एकदाही नाही.

पेनाचं टोक ओळीखाली सरकत ठेवा. लहान मुलासारखं वाटतं, वाटू द्या. परिच्छेद संपला की श्वासभर थांबायचं आणि मनात चार शब्दांत सांगायचं, काय झालं ते. वरच्या उताऱ्याचं: ‘नुसता पाऊस नाही, वापरही.’ चार शब्द सुचले नाहीत तर तो परिच्छेद वाचलेला नाही, फक्त बघितलाय.

आणखी एक गोष्ट, क्लासमध्ये फारसं कुणी सांगत नाही. सीसॅट दुपारी तीन ते पाच असतो. आपण उतारे सोडवतो सकाळी सातला, ताज्या डोक्यानं. जेवण झाल्यावर, पंखा कुरकुरत असताना, डोळ्यांवर झापड येत असताना उतारा वाचायची सवय वेगळी करावी लागते. महिनाभर तरी सराव तीनलाच करा. फोन पिशवीत नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवात दोन उताऱ्यांनी करा, दर आठवड्याला एक-दोन वाढवा, शेवटी सलग दोन तास. परीक्षेच्या दिवशी मधल्या सुट्टीत हलकं खा, आणि झाडाखाली जमून पहिल्या पेपरची उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यापासून लांब बसा. तिथे कळलेली एक चूक तीन वाजता तुमच्या शेजारी येऊन बसते.

‘रोज अग्रलेख वाचा’ हा सल्ला सगळे देतात. नुसतं वाचून फारसं हाती लागत नाही. वाचून झाला की वर्तमानपत्र उपडं ठेवा आणि दोन ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, आणि तो कुणाचं म्हणणं खोडतोय. मग परत काढून तपासा. शिवाय आवडते विषय टाळा. क्रिकेटवरचा लेख कुणीही वाचतं, सराव व्हायचा तर चलनफुगवटा, शैवाल, सौंदर्यशास्त्र असलं काहीतरी कंटाळवाणं घ्या.

गोल रंगवताना

एका उताऱ्याचे प्रश्न संपले की लगेच त्याचे गोल रंगवा, शेवटी एकदम नको. उतारा सोडून पुढे गेला असाल तर उत्तरपत्रिकेवरचे क्रमांक सरकतात आणि बरोबर उत्तरं चुकीच्या घरात जातात. पेन टेकवण्याआधी दोन गोष्टी: प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणा, आणि प्रश्नात गोल केलेला शब्द आहे का ते बघा. असेल तर आपलं उत्तर ‘नाही’चं आहे ना, तेवढं विचारा. रंगवलेला गोल मागे घेता येत नाही.

पेपर संपल्यावर प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. दुसऱ्या प्रयत्नानंतर माझी पुस्तिका अभ्यासिकेतल्या मैत्रिणीनं चाळली आणि म्हणाली, ‘काय गं, प्रत्येक प्रश्नाला टिकली लावलीयेस!’ आम्ही टिकल्या मोजल्या, चौदा होत्या. मग उत्तरतालिका उघडून फक्त त्या चौदा प्रश्नांची उत्तरं जुळवायला बसलो.